गाव नसलेली सेक्रेटरी

परवा एका पक्षाचे दोघे जण पालिकेच्या निवडणुकीचं विचारायला घरी येऊन बसले. चहा झाला, बिस्किटं झाली, मग त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही या क्षेत्रात कशा आलात?" त्यांना लहानपणचे संस्कार, समाजसेवेची ओढ असं काहीतरी हवं होतं. मी खरं ते सांगितलं. मला शिमग्याला कुठे जायचं नव्हतं, म्हणून मी राजकारणात आले.

आम्ही इंदूरचे. नवऱ्याची बदली झाली आणि आम्हाला काळाचौकीला एका चाळीत खोली मिळाली. घरात आमची मराठीच, पण आडवळणाने हिंदीत शिरणारी. मी "काय हो जी" म्हटलं की जिन्यातली पोरं हसून लोटपोट व्हायची. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक दारातून एकच प्रश्न आला, "गाव कुठलं तुमचं?" इंदूर म्हटलं की, "ते शहर झालं हो. गाव?" आमचं गाव नव्हतं. आजोबा-पणजोबा सगळे इंदुरातलेच. शेजारच्या काकूंना माझी इतकी कीव आली की संध्याकाळी त्यांनी वाटीभर सोलकढी पाठवून दिली.

गाव नसणं म्हणजे काय, ते मला शिमग्याला कळलं. पालखी नाचवायला अख्खी चाळ कोकणात निघाली आणि जाताजाता किल्ल्या माझ्या हातात ठेवून गेली. "तुम्ही आहातच ना!" कोणाच्या तुळशीला पाणी, कोणाचा सिलिंडर, कोणाचं मांजर. गणपतीत पुन्हा तेच. पालिकेचा माणूस पाण्याची लाइन बघायला आला की दार उघडणारी मी, त्याच्याशी भांडणारीही मी. भांडण मला बरं जमतं. दोन-तीन वर्षांत चाळ कमिटीच्या लक्षात आलं की बारा महिने जागेवर सापडणारी अशी मीच एकटी आहे. अध्यक्षांना सगळी चाळ मामा म्हणायची. त्यांनी एका रविवारी जाहीर केलं, "वैनी आजपासून सेक्रेटरी." मला कोणी विचारलंही नाही.

आमच्या नाक्यावर जुना मासळी बाजार आहे. वरळी कोळीवाड्यातल्या बायका पिढ्यान् पिढ्या तिथल्या ओट्यांवर बसतात. इमारत धोकादायक झाली म्हणून ती पाडून बांधकामवाल्यांनी नवी बांधायची आणि बायकांना 'तात्पुरतं' लांब, हायवेपलीकडच्या एका मोकळ्या जागेत हलवायचं, अशी नोटीस लागली. तात्पुरतं म्हणजे काय, हे गिरणगावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तात्पुरती संक्रमण शिबिरात गेलेली माणसं तिथेच नातवंडांची लग्नं लावतात. बायका घाबरल्या. त्या जागेत गिऱ्हाईक येणार कुठून? चाळही खवळली. आठवड्यातून चार दिवस मासे खाणारी माणसं ती!

कमिटीने हरकत घ्यायचं ठरवलं. हरकतीवर सही सेक्रेटरीची. म्हणजे घरात अंडंसुद्धा न आणणारी मी, बांगड्या-बोंबलांची वकील झाले. इंदूरला आईला फोनवर सांगितलं, तर तिने फोनच ठेवून दिला.

सुनावणीची तारीख आली हरतालिकेची. दुसऱ्या दिवशी गणपती. गावी मूर्ती वाट बघत असते, तिकिटं तर उन्हाळ्यातच काढलेली असतात. कमिटीच्या बैठकीत सगळे चटईकडे बघत बसले. शेवटी मामा म्हणाले, "वैनी, तुम्ही आहातच ना."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "मी आहेच! तुळशीला मीच, मांजराला मीच, आता मासळीलाही मीच! पालिकेचे साहेब विचारतील, रहिवासी कुठायत? मी काय किल्ल्यांचा जुडगा दाखवू? बाजार तुमचा, जेवण तुमचं. मला त्यातला फक्त वास मिळतो!"

दुसऱ्या मजल्यावरच्या शाळामास्तरीण ताई तेवढ्या म्हणाल्या, "मी येते. आमचं गाव मंडणगडकडे, पण आम्ही बौद्ध. गणपतीला आमचं तिथे काय काम?" मामा चपला घालून निघून गेले. मी रागात बोलून बसले होते आणि मला मनातून वाईट वाटत होतं. सण सोडा असं सांगणारी मी कोण?

हरतालिकेच्या दुपारी वॉर्ड ऑफिसात आम्ही दोघी आणि कोळणी. समोर साहेब आणि बांधकामवाल्यांच्या बाजूने आलेले एक गृहस्थ. साहेबांनी घड्याळ बघितलं. "स्थानिक रहिवासी एवढेच?" तेवढ्यात दार ढकललं गेलं आणि मामा आत आले. मागून काकू, त्यांचा मुलगा, तळमजला, पोटमाळा, सगळे. खांद्याला बॅगा, हातात नारळांच्या पिशव्या. त्यांनी आपापली तिकिटं सोडली होती. आता रात्री मिळेल त्या गाडीने उभ्याने जाऊन, सकाळी मूर्ती बसायच्या आत गाव गाठायचं होतं. मला रडू यायला लागलं, पण सेक्रेटरीला रडता येत नाही म्हणून मी उगाच कागद चाळले.

मी बोलायला उभी राहिले, तसे ते गृहस्थ हसून म्हणाले, "साहेब, या बाई मूळच्या इथल्या नाहीत. मासेही खात नाहीत. यांचा संबंध काय?"

"म्हणूनच ऐका माझं," मी म्हणाले. "बाजार गेला तर माझ्या नाकाला आरामच आहे. तरी मी भांडतेय."

मामा उठले. "साहेब, मूळचा इथला कोण, ता एकदा ठरवूयाच. मी कणकवलीचो. हे राजापूरचे. ताई मंडणगडच्या. तुम्ही?"

साहेब गडबडले. "सातारा."

"आणि तुम्ही?"

"माझं राहू द्या," ते गृहस्थ म्हणाले, आणि सगळ्या खोलीत हशा पिकला. साहेबही हसले.

हसल्या नाहीत त्या फक्त कोळणी. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाई हळूच उठली. आम्हाला सगळ्यांना तिने एकदा नीट पाहून घेतलं, बॅगांसकट.

"तुमी समदे सनाला गावाला जाता," ती म्हणाली. "आमचा गाव ह्योच हाय. आमी कुठं जावाचा?"

हशा जागच्या जागी थांबला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी शेजारच्या क्लार्कला, आमच्याकडे न बघता, लिहायला सांगितलं: नवे ओटे याच जागेवर बांधून होईपर्यंत बायकांना समोरच्या फुटपाथवर बसू द्यावं, हलवू नये.

मामांनी बॅग उचलली. गाडी गाठायची होती. जाताना त्यांनी त्या म्हातारीला वाकून नमस्कार केला. मग आम्ही सगळ्यांनीच केला.