ऑटमवाली पोरगी आणि राणी कलरची साडी

गेल्या सोमवारी सांगलीला जाऊन मी माझा रंग तपासून आले... आणि त्या दिवसापासून जिवाला म्हणून स्वस्थता नव्हती.

लग्न महिन्यावर आलंय. फोटोत मी कायम आजारी दिसते, हे माझं जुनं दुखणं. साखरपुड्याचा अल्बम बघताना होणाऱ्या सासूबाईंनी काळजीनं विचारलं होतं, त्या दिवशी तुला ताप होता का? झालं... तेव्हापासून डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

मग रील्समध्ये हा सीझनल कलर अ‍ॅनालिसिसचा प्रकार सापडला. कातडी, केस, डोळे बघून तुम्ही स्प्रिंग, समर, ऑटम की विंटर ते ठरवतात, आणि मग आयुष्यभर त्याच सीझनचे रंग घालायचे. आमच्या तासगावकडं ऑटम कधी येतो नि कधी जातो देव जाणे... पण सांगलीत विश्रामबागला पुण्याहून कोर्स करून आलेली एक मुलगी हे करते कळल्यावर मी लगेच अपॉइंटमेंट घेतली.

तिनं मला खिडकीसमोर बसवलं, केस पांढऱ्या कापडात गुंडाळले आणि गळ्याशी एकेक रंगाचं कापड धरत गेली. मी दहावीचा निकाल लागत असल्यासारखी बसलेली. निकाल लागला... वॉर्म ऑटम. मोहरी, विटकरी, शेवाळी हे माझे रंग, आणि गुलाबीचं सगळं खानदान बंद. त्यात राणी कलर सगळ्यात वाईट, म्हणाली, चेहरा पिवळा पडतो. आरशात बघितलं तर खरंच पिवळीधमक दिसत होते.

मी आरशाकडं पाठच फिरवली. कारण घरी कपाटात राणी कलरचीच साडी होती.

आमच्याकडं पाठवणीला पोरगी माहेरची साडी नेसून निघते. ती साडी पप्पांनी आणली होती. पप्पा मिलिटरीतून रिटायर झालेले, जन्मात कधी साडीच्या दुकानाची पायरी न चढलेले... आणि ह्या साडीला मात्र आईलासुद्धा न विचारता एकटेच गेले, एकटेच निवडून घेऊन आले. दोन दिवस येता-जाता विचारत होते, बरी हाय न्हवं?

आता सांगायचं कसं? नाही सांगितलं तर पाठवणीच्या फोटोत मी कावीळ झाल्यासारखी. सांगितलं तर पप्पांचा चेहरा...

शेवटी बुधवारी जेवताना तोंडातून निघून गेलं. आई माझ्यावर अशी उखडली की विचारू नका, एवढी शिकून असली थेरं करतेस म्हणाली. पप्पांनी शांतपणे ताट संपवलं, हात धुतले.

"मला काय कळतंय गं रंगातलं. आमची निम्मी जिंदगी एकाच रंगात गेली. बदलून आणतो की."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

गुरुवारी सकाळी त्या मुलीचा मेसेज आला. फायनल रिपोर्टसाठी उजेडातला, मेकअप नसलेला फोटो पाठवा म्हणून. अंगणात उभं राहून पाठवला... तर पाच मिनिटांत तिचा फोनच आला. सोमवारी चेहऱ्याला काही लावून आला होतात का?

मी नाही म्हणाले. आणि मग मला आठवलं.

रविवारी विट्याला मावसबहिणीची हळद होती! नवरीची उरलेली हळद लग्न ठरलेल्या पोरींना लावतात, आणि माझ्या बहिणींनी कान, मान, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. फेसवॉशनं दोनदा धुतलं आणि मला वाटलं निघाली... निघतेय कुठली. ती मुलगी तपासत होती ते मला नाही, विट्याच्या हळदीला. तुम्ही तर पक्क्या विंटर आहात मॅडम, म्हणाली, आणि राणी कलर तुमचा सगळ्यात बेस्ट.

फोन तसाच टाकून कपाट उघडलं. साडीची पिशवी नव्हती.

"ते मघाशीच गेलं की पिशवी घेऊन सांगलीला," आई चुलीकडं बघत म्हणाली. माझ्याकडं बघतच नव्हती. पप्पांना फोन लावला तर तो देवळीत चार्जिंगला वाजायला लागला.

स्कूटी काढली. सगळ्या रस्त्यानं एकच... दुकानदारानं ती साडी कुणाला विकली तर? तशी दुसरी नसली तर? पप्पांनी पहिल्यांदा माझ्यासाठी काहीतरी हौसेनं आणलं आणि मी ते परत पाठवलं. हेल्मेटच्या आत रडू येत होतं, काच धूसर होत होती.

पिशवीवर नाव होतं त्या गणपती पेठेतल्या दुकानात चप्पल काढून आत गेले. पप्पा गादीवर मांडी घालून बसले होते. समोर मोहरी, विटकरी, शेवाळी अशा साड्यांचा ढीग, आणि पप्पा पाकिटातला एक छोटा फोटो प्रत्येक साडीवर ठेवून बघत होते. चष्मा वर करून, मान मागं घेऊन... अगदी त्या विश्रामबागच्या मुलीसारखे.

मला बघून दचकले. मग कंटाळल्यागत म्हणाले, "एक बी रंग तुला उठून दिसंना बघ."

मी फोटो हातात घेतला. कडा झिजलेल्या, मधोमध घडी पडलेली. पोस्टिंगवर जाताना पप्पांनी स्टुडिओत काढून घेतलेला, मी बालवाडीत असतानाचा.

त्यात मी राणी कलरच्या फ्रॉकमध्ये होते.

इतकी वर्षं कुठं कुठं, कसल्या कसल्या थंडीत त्यांनी मला त्याच रंगात बघितलं होतं. फोटो त्यांच्या हातात परत देत म्हणाले, पप्पा, रिपोर्ट चुकला, तोंडाला हळद होती. मला आपली राणीच पाहिजे.

साडी अजून त्यांच्या मांडीखालच्या पिशवीतच होती. दुकानदाराला दाखवलीसुद्धा नव्हती.

पाठवणीच्या फोटोत मी कशी दिसेन, ही काळजी आता मिटली. दुसरीच लागलीय... ती साडी नेसून पप्पांच्या समोर उभं कसं राहायचं.