कथेत वारलेली, दुसऱ्या रांगेत बसलेली

पहिल्या वर्षी परीक्षकांनी माझ्या कथेवर एकच शेरा मारला: 'बातमी चांगली आहे.'

तक्रारीला जागा नव्हती. मी एका मराठी दैनिकाच्या दिल्ली कार्यालयात काम करतो. कोण, कुठे, केव्हा, किती जखमी, हे पहिल्या परिच्छेदात सांगून टाकायचं, म्हणजे जागा कमी पडली तर शेवट कापता येतो. माझा नायक पहिल्याच वाक्यात वारला होता. उरलेली चार पानं पंचनामा.

स्पर्धा आमच्या फरीदाबादच्या मराठी मंडळाची. दरवर्षी गणपतीत होते. लेखकाचं नाव गुप्त ठेवतात आणि ते सगळ्यांना माहीत असतं. भाग घेणारे आठ-दहा जण. त्यांत मला पहिला नंबर हवा होता. रोज लिहून पगार घेणाऱ्या माणसाला एक दंतवैद्य हरवतो, हे कार्यालयात सांगण्यासारखं नव्हतं. दिल्लीतल्या मुनिरक्याहून यूपीएससीचा एक उमेदवारही कथा पाठवायचा. त्याच्या कथेला उपशीर्षकं होती आणि शेवटी 'पुढील दिशा'. तोसुद्धा माझ्या पुढे होता.

दुसऱ्या वर्षी मी आधीच्या विजेत्या कथा मिळवून वाचल्या. निष्कर्ष सोपा निघाला: गाव हवं, विहीर हवी आणि आई मरायला हवी. मला गाव नाही, मी सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. विहीर म्हणून पाहिलेली एकच, कॅनॉट प्लेसजवळची पुरातत्त्व खात्याची पाटी लावलेली बावडी. आई मात्र होती. तिला विहिरीच्या काठावर नेलं आणि मुलगा दिल्लीहून पोचायच्या आत मारलं.

बक्षीस समारंभाला आई दुसऱ्या रांगेत बसली होती. मुख्य परीक्षक माईकवर म्हणाले, "लेखकाने हे दुःख भोगलंय. त्याशिवाय असं लिहिता येत नाही." मला उत्तेजनार्थ मिळालं. स्टेजवरून उतरलो तर मंडळाच्या एका काकूंनी माझा हात धरला.

"कधी गेल्या रे आई?"

मी दुसऱ्या रांगेकडे बोट दाखवलं. आईने तिकडून हात हलवला.

"अच्छा," काकू म्हणाल्या आणि माझा हात सोडला.

गाडीत आईने सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, "मला मारलंस ते मारलंस. पण त्यात उत्तेजनार्थ?"

"कथा आहे ती, आई."

"आणि मी विहिरीवर कशाला गेले होते? सोसायटीत चोवीस तास पाणी आहे."

आई एका केंद्रीय मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाली. समासात शेरा लिहिल्याशिवाय तिच्या टेबलावरून कागद पुढे जात नसे. तिसऱ्या वर्षी तिने फर्मावलं, "पाठवायच्या आधी मला पुटअप कर. आणि यार, या वेळी जिवंत ठेव."

मी तिच्या निवृत्तीचा दिवस लिहिला. हार, समोसे, साहेबांचं भाषण. संध्याकाळी ती घरी येते, डबा घासते आणि पालथा घालते. त्या डब्यावर मी खूश होतो.

दोन दिवसांनी कागद परत आले. समोशांपुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'ब्रेड पकोडे.' 'तिचे डोळे भरून आले' या वाक्यापुढे, 'आधार?' आणि डब्याच्या खाली: 'येथे संपत नाही. दुसऱ्या दिवशीही गेले होते.'

"कुठे गेली होतीस?"

"ऑफिसला. नेहमीच्या वेळी तयार झाले, ऑफिसवाल्यांची चार्टर्ड बस आली, बसले."

"बसमध्ये कुणी काही बोललं नाही?"

"नाही. रोजच्या डावात पत्ते वाटले मला."

"मग?"

"मग काय! गेटवर पास मागितला, तो आदल्या दिवशी जमा केलेला. समोर लॉनवर बसले. डबा खाल्ला. साडेपाचच्या बसने परत."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? शिवाय मी वारले होते."

मंत्र्यांना प्रश्न विचारणं हे माझं रोजचं काम आहे. हा एक प्रश्न राहून गेला होता.

मी कथा पुन्हा लिहिली. हार कापले, भाषण कापलं, पकोडेही कापले. पालथा डबा वाचवायचा प्रयत्न केला, तो आईने खोडला. आता कथा दुसऱ्या दिवशी बसमध्ये सुरू होत होती. बाई निवृत्त झाली आहे हे पहिल्या परिच्छेदात नव्हतं. वाचकाला ते गेटवर, पास मागितल्यावरच कळायचं. एवढी माहिती इतका वेळ हातात धरून ठेवण्याची माझी पहिलीच वेळ. कार्यालयात असं केलं असतं तर झापलं असतं.

आईने शेवटच्या पानावर 'पाहिले' असं लिहिलं. मी कथा पाठवली.

पहिला नंबर दंतवैद्याला मिळाला. त्याच्या कथेतली आई विहिरीतून पाणी शेंदताना गेली. यूपीएससीवाला तिसरा. माझा कागद मंडळाच्या टेबलावरून परत घेतला, त्यावर परीक्षकांचा शेरा होता: 'भाषा साधी. कथेत काही घडत नाही.'

आईने तो कागद माझ्या हातातून घेतला. चष्मा लावला, शेरा वाचला, पर्समधून पेन्सिल काढली आणि खुर्चीच्या पाठीवर कागद ठेवून त्याखाली लिहिलं: 'परीक्षकांशी असहमत. प्रकरण बंद करू नये.'

सही केली, तारीख घातली, कागद मला दिला आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.