तीनदा विचारलेला माणूस

मेश्राम काका स्वतःच्याच गाडीत रेडिओ लावायच्या आधी मागे वळून विचारायचे, "लावू का?" गाडी त्यांची, चालवणार ते, आणि माझ्या ऑफिसातला दिलीप आणि मी दोघं फुकटे प्रवासी. तरी रोज विचारायचे. काच खाली करायची झाली तरी "उघडू का?" घरी प्रियाच्या, म्हणजे त्यांच्या शाळकरी मुलीच्या, खोलीत जातानासुद्धा दारावर टकटक करून उभे राहायचे. पहिल्या आठवड्यात मी ठरवून टाकलं, माणूस भित्रा आहे. माणूस दिसला की त्याच्यावर शिक्का मारून मोकळं व्हायचं, हा माझा जुना गुण.

काका नागपूरचे. आम्ही राहायचो त्या अमेरिकेतल्या एडिसन गावाहून दक्षिणेला एका कॉलेजात अमेरिकन पोरांना इंग्लंडचा इतिहास शिकवायचे. आमची कॉम्प्युटर कंपनी त्याच वाटेवर होती, म्हणून सकाळी ते आम्हाला सोडायचे. वर्षानुवर्षं ते एकाच माणसावर पुस्तक लिहीत होते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एक उदारमतवादी पुढारी, ड्यूकचा थोरला मुलगा. काका त्याला नुसतं 'माझा लॉर्ड' म्हणायचे. रूट वन या हमरस्त्यावरच्या सिग्नलांना थांबत थांबत त्या लॉर्डचं अख्खं राजकारण मी ऐकलं. तो पार्लमेंटमध्ये गेला तो बापाने सांगितलं म्हणून. जीव रमायचा घोड्यांत आणि शिकारीत. मंत्री झाला, हिंदुस्थानचं खातंही काही काळ त्याच्याकडे होतं. पक्षाचा म्हातारा नेता बाजूला झाला तेव्हा पक्ष याच्या गळ्यात पडला, आणि पुढे निवडणूक जिंकल्यावर राणीने पंतप्रधान व्हायला याला बोलावलं. हा म्हणाला, म्हाताऱ्यालाच करा. नंतर आणखी दोनदा तीच खुर्ची समोर आली. दोन्ही वेळा नाही.

"काका, तुमचा हीरो जरा बोअर आहे यार," दिलीप म्हणाला. "नोच म्हणायचं होतं तर पॉलिटिक्समध्ये कशाला आला?"

"अरे, तेच तर शोधून राहिलो ना मी इतकी वर्षं!" काका खूश होऊन म्हणाले. "भाषण करता करता स्वतःच जांभई द्यायचा म्हणतात. ज्याला काही नको असते, त्याच्यावर लोक डोळे मिटून भरवसा ठेवतात. हो का नाही?"

एकदा मी धीर करून विचारलं, "काका, आपली माणसं सोडून तुम्ही या गोऱ्या सरदाराच्या मागे का लागलात?"

सिग्नल सुटला, त्यांनी गाडी पुढे काढली. मग म्हणाले, "आपल्या बापजाद्यांबद्दल साहेबांनी किती लिहिलं! हे कसे राहतात, काय खातात, यांना अक्कल किती. कोणी विचारलं होतं का आपल्याला? आता वस्तीतल्या गिरणी कामगाराचा पोरगा त्यांच्या लॉर्डची तपासणी करून राहिला. करू दे ना." आणि हसले. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे मान वर करूनच पाहिलं.

लॉर्डवर त्यांचा राग होता तो एका प्रकरणापुरता. आयर्लंडला स्वतःचा कारभार स्वतः करू द्यायचा प्रश्न आला, तेव्हा लॉर्डने विरोध केला आणि पक्ष फुटला. "सज्जन माणूस होता, पोरी. कोणाचं वाईट चिंतलं नाही. पण ज्याचं घर त्याच्या हाती द्यायची वेळ आली, तेव्हा हात आखडला." हेच प्रकरण त्यांना लिहून पुरं होत नव्हतं. त्यासाठी कॉलेजातून वर्षभराची रजा मंजूर करून घेतली होती. हृदय अधू होतं, डॉक्टरांनी धावपळ बंद करायला सांगितली होती. राहिलेला जोर त्यांना पुस्तकासाठी हवा होता.

नेमकं तेव्हाच आमचं मंडळ फुटायला आलं. आम्हा बौद्ध कुटुंबांची भीमजयंती दरवर्षी एका शाळेच्या हॉलमध्ये एकत्र व्हायची. आधी येऊन बसलेले डॉक्टर-इंजिनियर म्हणत, कार्यक्रम मराठीतच. नवे म्हणत, मुलांना कळेल असा इंग्रजीत करा. भाषेवरून सुरू झालेलं भांडण मानापमानावर गेलं आणि दोन वेगळे हॉल बघायला सुरुवात झाली. दोन्हीकडच्यांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, अध्यक्ष काका झाले तर थांबू. काकांना अध्यक्षपद याआधी दोनदा देऊ केलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी हात जोडले होते.

"से नो अगेन, बाबा," प्रिया म्हणाली. "इट्स अ हॅट-ट्रिक! लाइक युअर लॉर्ड."

रविवारी दुपारी लायब्ररीच्या खोलीत सभा झाली. निम्म्या लोकांनी अंगातले कोटसुद्धा काढले नव्हते, कधीही उठून जायची तयारी. काका उठले. "जय भीम" म्हणाले आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"माझ्या लॉर्डने तीनदा नाही म्हटलं. त्याला परवडत होतं. नाही म्हणून तो घरी जायचा, तर घर म्हणजे महाल. माझा बाप गिरणीत राबला. त्याला आयुष्यात कोणी एकदासुद्धा काही विचारलं नाही. कुठे राहतोस, काय शिकायचं आहे, काय वाटते तुला... काहीच नाही. मी दोनदा नाही म्हटलं ते लॉर्डच्या जोरावर. आज बापाच्या जोरावर हो म्हणतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेतले एक डॉक्टर उठले, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि परत बसले. मग एकेक करत सगळ्यांनी कोट काढले.

परतताना मी म्हटलं, "काका, पुस्तक?"

"लॉर्ड मेलेला आहे पोरी. त्याला घाई नाही."

त्यांची ती रजा मंडळात गेली. त्यांनी प्रत्येक घरी फोन केला आणि प्रत्येकाला, शाळेतल्या पोरांनासुद्धा, विचारलं, "तुला काय पाहिजे?" त्या जयंतीला एका मुलाने इंग्रजीत भाषण केलं, त्याच्या आजीने भीमगीत म्हटलं, आणि हॉल एकच होता. इतका मोठा माणूस मी जवळून दुसरा पाहिला नाही, हे आजही छातीठोक सांगते.

पुढच्या थंडीत काका गेले. पुस्तक अर्धंच राहिलं. अंत्यविधीला बुद्धवंदना म्हणायला दोन्हीकडची माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती.

त्यानंतरच्या सभेत अध्यक्षपदासाठी माझं नाव निघालं. घर, नोकरी, लहान मुलगी, सगळी कारणं जिभेवर तयार होती. आणि आई आठवली. तिची शाळा सुटली, लग्न ठरलं, गाव बदललं. तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं.

आता माझी स्वतःची गाडी होती, तिने घरी निघाले. मागच्या सीटवर लेक खिडकीबाहेर बघत बसली होती. माझा हात सवयीने रेडिओकडे गेला आणि तिथेच थांबला. मी मागे वळून तिला विचारलं, "लावू का?"