बाबांचं व्हायनिल

वडिलांनी घातलेली जमीन मुलानं उखडू नये, अशी आमच्या घराण्याची रीत आहे. ही रीत माझे वडील वारले त्या वर्षी सुरू झाली, आणि जमीन व्हायनिलची होती.

बाबा पेरांबूरला रेल्वेच्या कारखान्यात होते. सोलापूरहून बदली होऊन आले आणि निवृत्तीनंतरही चेन्नईतच राहिले, कारण परत जायचं तर सामान बांधावं लागलं असतं. शेवटच्या वर्षी त्यांनी जॉर्ज टाउनमधून व्हायनिलचं भेंडोळं आणलं आणि हॉलमध्ये स्वतः चिकटवलं. हिरव्या रंगावर तपकिरी चौकटी. दवाखान्याच्या व्हरांड्यात असतात तशा. मग बाबा गेले आणि व्हायनिल राहिलं.

वर्षभरात त्याच्या कडा उचलल्या. आई त्यात अडखळायची.

"काढून टाकू या," मी म्हणालो.

"त्यांच्या हातचं आहे ते. वर्षश्राद्धाला ते येणार, त्यांना घर ओळखू यायला नको?"

(बाबांना चष्म्याशिवाय मीही ओळखू येत नसे. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.)

"मग काढत नाही. नुसतं झाकतो."

आईनं उचललेली एक कड पायानं दाबून पाहिली. "झाक. खाली आहे, एवढं त्यांना कळेल."

अण्णानगरच्या शोरूममध्ये टाय लावलेल्या एका गृहस्थानं मला लॅमिनेटची फळी दोन्ही हातांवर घेऊन दाखवली, बारशाला मूल दाखवतात तशी. युरोपातला ओक, म्हणाला. खरं तर तो ओकच्या फोटोखाली दाबलेला भुसा होता, पण फोटो युरोपातला असावा. फळ्या एकमेकींत अडकवायच्या, खाली चिकटवायच्या नाहीत. मध्ये फोमचा पातळ थर. "आणि खाली व्हायनिल असलेलं उत्तमच, सर. खालची ओल वर येणारच नाही."

"आणि वरून पाणी?"

"ओल्या फडक्यानं पुसा. धुवायचं मात्र नाही."

"धुतंय कोण," मी म्हणालो. हे मी चेन्नईत उभं राहून म्हणालो, आणि दर शुक्रवारी हॉल बादलीनं धुणाऱ्या बाईच्या पोटी जन्मून म्हणालो.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी जमीन बसली. दिसायला छान, बँकेच्या मॅनेजरच्या केबिनसारखी. पाणी बाल्कनीत जायचं कोपऱ्यातलं भोक ओकच्या पट्टीमागे सुबकपणे झाकलं गेलं. न्हाणीघराचं दार बाहेर उघडायचं. ते खालून तासावं लागलं. आईला फडक्याचं सांगितलं. तिनं मान हलवली. आईनं मान हलवली म्हणजे तिला ऐकू आलं, एवढाच अर्थ होतो.

सकाळी मी उठून आलो तर आई न्हाऊन, ओल्या साडीत, भरलेली बादली घेऊन हॉलच्या मधोमध उभी.

"आई, धुवायचं नाही."

"न धुतलेल्या जमिनीवर पितर जेवतात का रे?"

मी बादली धरायला पुढे झालो.

"शिवू नकोस. सोवळ्यात आहे मी."

सोवळ्यातल्या आईच्या हातून बादली घ्यायचा एकच मार्ग होता: आधी स्वतः आंघोळ करायची. मी न्हाणीघरात धावलो, अंगावर कसंबसं पाणी ओतून घेतलं, धोतर गुंडाळलं, आणि दार उघडेना.

बाहेर बादल्या रिकाम्या होत होत्या. पाणी सवयीनं कोपऱ्यातल्या भोकाकडे गेलं, ते सापडेना म्हणून सांध्यांतून खाली उतरलं आणि बाबांच्या व्हायनिलवर जाऊन थांबलं. शोरूमवाला खोटं बोलला नव्हता. व्हायनिलमधून थेंबही पलीकडे जात नाही. मग पाण्यानं फळ्या उचलल्या आणि दाराखाली आणून ठेवल्या.

"आई, दार अडकलंय."

"आंघोळ झाली का?"

"झाली. फळी वर आलीय, तिच्यावर उभी राहा."

आई उभी राहिली, दार उघडलं, मी बाहेर आलो. तोवर धुवायचं काही उरलं नव्हतं.

गुरुजी आले. ते तंजावरकडचे मराठी. त्यांची मराठी जुनी आणि मंत्र तमिळ चालीचे. ते पाटावर बसले आणि सगळ्या सांध्यांतून पाणी वर आलं.

"अय्यो. भूमी हालते की हो."

"नवीन आहे, गुरुजी."

"ते कळतंय."

मी नमस्काराला वाकलो की समोर गुरुजी किंचित उंचावायचे. उठलो की खाली यायचे. पानावरची खीर आमसुलाच्या चटणीकडे निघाली ती परतली नाही. आई कोपऱ्यात हात जोडून बसली होती. ती हसत नव्हती, म्हणून मीही हसलो नाही.

शेवटी बाल्कनीत कावळ्याचं पान ठेवलं. नोव्हेंबरचा पाऊस नुकता थांबला होता. समोर केबलच्या तारेवर एक कावळा बसला होता. तो बसूनच राहिला.

"पावसानं पंख ओले असतील," मी म्हणालो.

"त्यांना घर ओळखू आलं नाही," आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की मला बाबा गेले त्या दिवसानंतर प्रथमच काय करावं ते कळेना.

"काहीतरी बोला," गुरुजी हळूच म्हणाले. "मनातलं सांगा त्यांना."

मी हात जोडले. "बाबा, लॅमिनेट काढतो."

कावळ्यानं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. बाबा माझ्या प्रगतिपुस्तकाकडे तसे पाहत.

"याच आठवड्यात काढतो."

कावळा खाली आला आणि वडा घेऊन गेला.

मी शब्द पाळला. तोवर फळ्या भिजलेल्या वहीसारख्या फुगल्या होत्या, हातानं निघाल्या. खाली व्हायनिल तसंच होतं, हिरवं, ठणठणीत. आईनं ते पुसलं आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"एक सांगू? हा रंग मला कधीच आवडला नाही."

"मग बाबांना सांगितलं का नाहीस?"

"गुडघ्यांवर बसून एवढ्या हौसेनं चिकटवत होते. कसं सांगायचं?"

व्हायनिल अजून आहे. आई ते दर शुक्रवारी धुते. ओकची एक फळी शाबूत निघाली. ती वर्षातून एकदा बाल्कनीत मांडतो, कावळ्याच्या पानाखाली.