टॉवेलाखालची मूठ

सदलग्याच्या सत्याप्पाची झोप गल्लीत नावाजलेली होती. त्याचं घोरणं चार घरं ओलांडून जायचं आणि लोक हेव्यानं म्हणायचे, "झोप असावी तर सत्याप्पासारखी!" लोकांचं काय जातंय बोलायला? घोरतो तो गाढ झोपतो, हे शहाणपण आमच्याकडं आईच्या दुधाबरोबरच पाजतात. सत्याप्पा मात्र सकाळी उठायचा तो रात्रभर पोती वाहिल्यासारखा. डोकं ठणकायचं, आणि बसल्या जागी पुन्हा डोळे मिटायचे.

खरं काय ते त्याच्या बायकोला, बायडाबाईला ठाऊक होतं. घोरता घोरता आवाज एकाएकी बंद पडायचा, छाती नुसती धडपडायची, श्वास काही आत जायचा नाही. मग ती कोपरानं ढोसायची आणि बुडता माणूस वर यावा तसा तो श्वास ओढायचा. तिनं सासूला सांगितलं, तर सासू म्हणाली, "दमतोय गं त्यो. झोपू दे की त्येला."

सत्याप्पा जनावरांच्या बाजारातला दलाल. तो धंदा सगळा टॉवेलाखाली. घेणाऱ्यानं टॉवेलाखाली दलालाची बोटं धरून आपला भाव सांगायचा, आणि पटला तर दलालानं विकणाऱ्याच्या वतीनं मूठ मिटायची. एकदा मूठ मिटली की सौदा पक्का, मग यम आला तरी फिरत नाही. इतकी वर्षं सत्याप्पाच्या मुठीला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

पुढं पुढं त्याचं मनच विटलं. हातात घास धरून तो रडत बसायचा. निपाणीच्या डॉक्टरांनी, मन खचलंय म्हणून मनाच्या गोळ्या दिल्या. खोटं कशाला बोला, गुण आला. महिन्याभरात रडणं थांबलं, भाकरी गोड लागायला लागली, बायडाबाईनं म्हसोबाला नारळ फोडला. पण गोळ्यांची सुस्ती मूळच्या सुस्तीवर चढून बसली. तोंडाला सदा कोरड, आणि आता ढोसलं तरी तो लवकर जागा होईना. मन उभं राहिलं, माणूस मात्र आडवा झाला.

अशातच शेजारच्या वाडीचा जोतिबा आपली बैलजोडी घेऊन बाजारात आला. जोतिबा सत्याप्पाला सख्ख्या भावासारखा. एका व्यापाऱ्यानं टॉवेलाखाली हात घातला आणि अगदी मातीमोल भाव सांगितला. सत्याप्पानं नको म्हणून मान हलवायची, ती झोपेनं डुलली. उन्हात उभ्या उभ्या त्याला झापड आली आणि झोपेत तान्ह्या पोरासारखी त्याची मूठ मिटली. "झाला सौदा!" व्यापारी ओरडला आणि बैलांची दावी सोडून त्यांना घेऊन चालायला लागला.

जोतिबा जवळ आला. "अण्णा, किती खाल्लंस त्येच्याकडनं?"

झोप लागली म्हणावं, तर उद्यापासून सत्याप्पाची बोटं कोण धरणार? गप्प बसावं, तर लबाड ठरणार. तो गप्प बसला, आणि ठरला.

घरी त्यानं बायडाबाईला सगळं सांगितलं. तिनं गावचं शहाणपण बाजूला सारलं आणि त्याला बेळगावला गळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथं बाकड्यावरच त्याचा डोळा लागला आणि डॉक्टर त्याच्याकडं बघत उभे राहिले.

"ह्यांना झोप मिळतच नाही," ते म्हणाले. "डोळा लागला की गळा आतून मिटतो. परदेशात नाकातून वारा ढकलायचं यंत्र निघालंय म्हणे, पण ते इथं कधी येईल कोण जाणे. आपल्याकडं एकच इलाज, गळ्याला भोक पाडून नळी बसवायची. दिवसा बूच लावून बोलता येईल. झोपताना बूच काढायचं, तेव्हा आवाज निघणार नाही. गोळ्या एकदम सोडू नका, हळूहळू कमी करू."

"गळा कापून घिऊ व्हय?" सत्याप्पा कळवळला. "लोक काय म्हंतील?"

"तुमी जित्ते ऱ्हावा. लोकांचं मी बगते," बायडाबाई म्हणाली.

नळी बसली. जखम निवल्यावर पहिल्यांदाच तो सलग झोपला. उठला तेव्हा खिडकीत ऊन आलं होतं आणि डोकं स्वच्छ होतं. त्यानं बूच लावलं आणि ढसाढसा रडला. "बायडे, झोप म्हंजे ही? लोकास्नी ही रोज मिळती?"

लोकांनी म्हणायचं ते म्हटलंच. ह्यानं जोतिबाचा केसानं गळा कापला, देवानं ह्याचा सुरीनं कापला. सत्याप्पानं जोतिबाला गाठून खरं ते सांगितलं. जोतिबानं नळीकडं बघितलं. "आता सांगतोस व्हय?" म्हणाला आणि निघून गेला. बाजारात सत्याप्पा टॉवेल घेऊन दिवसभर उभा राहायचा, टक्क जागा. पूर्वी झोपेच्या धुंदीत दिसलं नसतं, पण आता पाठ फिरवणारा एकेक माणूस त्याला स्पष्ट दिसायचा. ह्यापेक्षा झापड बरी होती, असं त्याला वाटायचं.

अशाच एका दुपारी तो लवकर घरी आला, बूच काढून आडवा झाला आणि झोपला. घोरण्याचा आवाज नाही, काही नाही. बायडाबाईला त्या शांततेची धास्ती बसलेली. सारखी ती नळीपाशी हात नेऊन बघत होती. "अवो, हाय न्हवं?" तिनं हलकेच विचारलं.

सत्याप्पानं डोळे उघडले. बोलायला आवाज नव्हता. उशाचा बाजारातला टॉवेल ओढून त्यानं तिच्या हातावर टाकला, खाली आपला हात सरकवला आणि तिची बोटं धरून मूठ मिटली. बायडाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतक्या वर्षांत त्या टॉवेलाखाली तिचा हात पहिल्यांदाच आला होता, आणि आता दुसऱ्या कुणाचा येत नव्हता.