तासाभराची फेरी

"तूप असेल, घरचं," छत्रीखालची बाई नवऱ्याला म्हणाली. "बघा ना, कसं पोटाशी धरून बसल्यात."

ती माझ्या आईकडे बघत होती. आईच्या मांडीवर धोतराच्या फडक्यात बांधलेलं मडकं होतं, आणि मडक्यात माझ्या भावाच्या अस्थी होत्या.

मी ऐकलं आणि दुसरीकडे बघितलं. आबांनी धक्क्यावरच बजावलं होतं, मचव्यात कोणाला काही सांगायचं नाही. अस्थी म्हटल्यावर तांडेल आम्हाला घेणार नाही, आणि दुसरी होडी मिळायची नाही. मासेमारीच्या सगळ्या होड्या पहाटेच बाहेर पडल्या होत्या. बंदरात उरला होता तो हा एक मचवा. हवापालटासाठी आलेल्या लोकांना बसवून तो किल्ल्याच्या कड्याखालून फिरवून आणायचा. तासाभराची फेरी. त्यात ते मुंबईचं जोडपं होतं, आणि आम्ही तिघं अमळनेरची.

आबा म्हणजे माझे मोठे काका. वडील गेल्यापासून आमचं घर तेच चालवत होते. आई त्यांच्याशी कधी बोलली नाही. धाकट्या दिराशी बोलेल, पण जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायचा आणि गप्प राहायचं, अशी आमच्याकडची रीत. तिला काही सांगायचं असलं की ती मला म्हणायची, "आबांना सांग," आणि मी सांगायची. आबांचं उत्तरही माझ्याकडूनच परत जायचं, दोघं एकाच खोलीत असली तरी. मडमांच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला घरी आले की माझं बोलणं म्हणजे बहुतेक एवढंच असायचं. एकीचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं एकीला. स्वतःचं असं मी फार बोलत नसे. शाळेतही नाही.

त्या शाळेत मला घातलं ते भावानं. आबा नको म्हणत होते. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला या बंदरात कचेरीत नोकरी लागली तेव्हा जाताना तो मला म्हणाला होता, मॅट्रिक हो, पुढे कॉलेजचं मी बघतो. मी मॅट्रिक झाले, आणि दिवाळीनंतर दहा दिवसांनी तार आली. ताप होता, भाऊ गेला. आम्ही आगगाडीनं मुंबई आणि तिथून आगबोटीनं इथे पोचेपर्यंत त्याच्या कचेरीतल्या लोकांनी सगळं उरकलं होतं. मडकं पिंपळाला टांगून ठेवलं होतं. त्यांच्यातल्या एकानं ते काढून आईच्या हातात दिलं. तेव्हापासून ती ते खाली ठेवत नव्हती.

आगबोटीवरच आबांनी मला सांगितलं होतं. धुळ्याचे एक कापसाचे व्यापारी आहेत, बिजवर, पहिलीची दोन मुलं आहेत. "वरीसनी आत लगीन करनं पडी. नहीतं तीन वरीस थांबनं पडी. कॉलेजनं आते काय नाव काढू नको." मी मान हलवली. मग नेहमीप्रमाणे आईला जाऊन सांगितलं. आई म्हणाली, "बरं."

तिच्या डोक्यात दुसरंच होतं. दिवाळीच्या आधी भावाचं पत्र आलं होतं, अंगात कसकस आहे, महिनाभर घरी येऊ का. आईला लिहिता येत नव्हतं. तिनं सांगितलं आणि मी लिहिलं: नोकरी नवीन आहे, साहेब रागावेल, सुट्टी लागली की ये. ते पत्र त्याच्या उशाखाली सापडलं. आईनं माझ्याकडून ते वाचून घेतलं, दोनदा.

मचवा खाडीतून बाहेर आला आणि कडा दिसू लागला. लालसर काळा दगड, सरळ पाण्यात उतरलेला, वर किल्ल्याची भिंत. खाली लाटेनं पोखरलेल्या गुहा होत्या. पाणी आत शिरायचं तेव्हा धप् असा आवाज यायचा, कोणीतरी पोतं टाकल्यासारखा. मुंबईचे गृहस्थ दुर्बिणीतून बघत बायकोला सांगत होते, इथून भुयार आहे, तिथे दीपगृह आहे. बाई म्हणाली, "अहो, मला गरगरतंय. तुम्हीच बघा आणि मला सांगा."

आम्हा तिघांपैकी कोणीही या प्रवासाआधी समुद्र बघितला नव्हता. मला तो आवडेल असं वाटलं होतं. तापीला पूर आला की आम्ही बघायला जायचो, तशी काहीतरी मोठी गोष्ट असेल असं वाटायचं. पण पुराचं पाणी कुठेतरी जात असतं. हे पाणी नुसतं वरखाली होत होतं. आईचे हात मडक्याभोवती आवळलेले होते.

कड्याखाली तांडेलानं नांगर टाकला. इथे थोडा वेळ थांबून गुहा दाखवायच्या, असा त्याचा नेम. आबा उठले, एका हातानं दोर धरला आणि त्याला विचारलं, "खरा समुद्र कोन्या अंगले?"

तांडेलानं हसून पश्चिमेकडे हात केला.

तेव्हा आबांनी फडकं सोडलं. मडक्याच्या तोंडावरची झेंडूची माळ दिसली आणि छत्रीखालची बाई "अगं बाई" म्हणून नवऱ्याच्या दंडाला चिकटली. त्या गृहस्थांनी दुर्बीण खाली केली, डोक्यावरची टोपी काढली आणि पाठ फिरवून उभे राहिले. तांडेलाचं हसू गेलं. तो मागच्या बाजूला माझ्याजवळ येऊन सुकाणूशी बसला.

मला आठवतंय, आईला हे नाशिकला करायचं होतं, नाहीतर प्रकाशाला, तापीच्या संगमावर. तिनं माझ्याकडून आबांना तसं विचारलंही होतं. आबा म्हणाले होते, एवढ्या लांब कुठे न्यायचं, "समुद्रमा बठ्ठ्या नद्या येतस. तापी बी येस." ते खरंच होतं. आम्हा नदीकाठच्या माणसांना पाण्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक. टाकलं ते जातं. पुलावरून माळ टाकली तर वळणापर्यंत दिसते आणि मग नाहीशी होते, आणि माणूस घरी येतो.

आबांनी खुणेनंच आईला पुढच्या टोकाला नेलं. अस्थी तिनं आपल्या हातानं सोडल्या. त्या लगेच खाली गेल्या. वर थोडी राख, तुळशीची पानं आणि माळ राहिली. मग आबांनी रिकामं मडकं पश्चिमेच्या बाजूला जमेल तितक्या लांब फेकलं आणि हात जोडले.

मडकं बुडालं नाही. थोडा वेळ एका जागी डोललं आणि आमच्याकडे यायला लागलं. माळही त्याच्यामागून आली. दोन्ही येऊन मचव्याला टेकली. मडकं फळीवर आपटायला लागलं, ठक्, ठक्.

आबांनी वल्ह्यानं ते दूर ढकललं. ते परत आलं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलेला असतो. मग घरची माणसं एकेक करून पुढे होतात आणि कबूल करतात, तुझं अमुक आम्ही बघू, तमुक आम्ही करू. आबांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की ते तेच करणार आहेत.

"तुनी मायले मी सांभाळसू," ते पाण्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले. "तिले काही कमी पडू देवाव नही. जाय बापा."

वल्हं मारलं. मडकं गेलं, आलं.

"काही इच्छा राहिली असेल हो त्याची," छत्रीची बाई डोळे पुसत म्हणाली.

आबांनी वळून माझ्याकडे बघितलं. ते चांगले होते की वाईट, हे मी कधी ठरवू शकले नाही. पण दिलेला शब्द त्यांनी कधी मोडल्याचं मी ऐकलं नव्हतं, आणि देवाधर्माच्या ठिकाणी तर नाहीच. त्यांच्या कपाळाला घाम आला होता.

"तुनी बहीणले शिकू देसू," ते म्हणाले. "कॉलेजले धाडसू. धुयानं लगीन मोडी टाकस मी. आते तरी जाय."

त्यांनी जोरात ढकललं. मडकं मचव्याच्या कडेनं सरकत मागे गेलं, माझ्या समोरून, सुकाणूच्या पलीकडे, आणि दिसेनासं झालं.

मला आनंद झाला. भावाची राख अजून पाण्यावर होती आणि मला आनंद झाला. मी ओठ आवळून बसले, कोणाला दिसू नये म्हणून.

तेवढ्यात तांडेल वल्ह्यावरच्या माणसाला हलक्या आवाजात म्हणाला, "भरती लागलीय. आता काहीही टाकलं तरी आतच येणार. दुपारी ओहोटीला यायचं होतं यांनी."

"सांग की मग."

"आता कसं सांगू? माणूस रडतंय तिथं."

मला शाळेतलं भूगोलाचं पुस्तक आठवलं. चंद्र, पृथ्वी आणि दोन्ही बाजूंना फुगलेलं पाणी. परीक्षेत मी ती आकृती काढली होती. समोर पाणी होतं तरी मला ती आतापर्यंत आठवली नव्हती.

मग दुसऱ्या बाजूनं आवाज आला. ठक्. मडकं सुकाणूला वळसा घालून तिकडे येऊन लागलं होतं.

आईनं पदर मागे टाकला. आबा तिथेच उभे होते, तरी टाकला. जेठासमोर तिचं तोंड उघडं मी पहिल्यांदाच बघितलं, आणि आबांनीही. ती गुडघ्यांवर बसून काठावरून वाकली.

"मनावर राग शे त्याना, त्यानी मायवर," ती म्हणाली. "तुम्हनावर कोनावरच नही. मनावर शे. मीच त्याले घर येऊ दिधं नही." मग मडक्याला म्हणाली, "काय करू रे मी? अन्न सोडू? सोडस. आजपासून सोडस. तुनामांगे येऊ का?" आणि तिनं कपाळ फळीवर आपटलं. पुन्हा आपटलं. आबांनी तिला धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. जेठानं तिला शिवायचं नसतं.

कपाळातून रक्त आलं. मडकं तिच्या हाताजवळ डोलत होतं आणि ती त्याच्याकडे बघून तेच तेच म्हणत होती, येऊ का, येऊ का.

आबा वल्हं टाकून उभे होते. त्यांनी दिलेला शब्द अजून तसाच होता, सगळ्यांच्या समोर दिलेला. मडकं का परत येतं, हे त्यांना कळलं नसतं तर तो तसाच राहिला असता. कळल्यावर काय झालं असतं ते मला माहीत होतं. नुसतं पाणी असेल तर शब्द कोणाला दिला? मी तांडेलाकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली होती.

मी उठले. मचवा हलत होता म्हणून बाकांना धरत पुढे गेले आणि आईच्या दोन्ही खांद्यांना धरलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"आई, तो रागावलेला नाही. ही भरती आहे. या वेळेला समुद्राचं पाणी आतच येतं, कोणाचंही मडकं टाकलं असतं तरी परत आलं असतं. तुझ्यामुळे नाही, आणि आबांनी दिलेल्या शब्दासाठीही नाही."