मास थिओची निळी पेटी

तुरीच्या निम्म्या शेंगा सोलून झाल्या होत्या, निम्म्या अजून ओटीत होत्या, तेव्हा कुंपणापलीकडचा रंधा थांबला. मास थिओचा रंधा मधेच थांबत नाही. एकदा फळीवर चढला की दुसऱ्या टोकाला जाऊनच उतरतो. म्हणून मी मान वर करून पाहिलं. त्याच्या छपरीच्या दारात माझाच नवरा उभा होता. रूपर्ट. डोक्यावर लाल टोपी, आणि मतदानाची शाई लागलेलं बोट मुद्दाम वर धरलेलं.

"मास थिओ, मयताचं सामान सांगायला आलोय."

"कोण गेलं?"

"तुमचा पक्ष गेला. काल संध्याकाळी. हाल झाले नाहीत फार, झोपेतच गेला."

मास थिओने रंध्यात अडकलेली साल फुंकून काढली. "माप मागच्या वेळचंच?"

"तेच. आता थोडा रोडावलाय, पण पेटी जरा सैल झाली तर कोण तक्रार करणार आहे?"

मी तोंड फिरवून हसले. रूपर्टचा पक्ष जिंकला म्हणून नव्हे. मी मत कोणाला देते ते देवाशिवाय कोणाला ठाऊक नाही, आणि रूपर्टला तर मी ते मरेपर्यंत सांगणार नाही. हसू आलं ते या दोघांचं. इतकी वर्षं रविवारी एकाच बाकावर बसून एकाच पुस्तकातून गाणारी ही माणसं, निवडणूक आली की एकमेकांचे सुतकी होतात.

आमच्या तिर्झा गावात नगरसेवकाची निवडणूक झाली की जिंकलेले लोक हरलेल्यांची अंत्ययात्रा काढतात. शवपेटी रिकामी असते, हरलेल्या पक्षाच्या रंगात रंगवलेली. कोंबडा निशाणीवाले हरले तर लाल, किल्लीवाले हरले तर निळी. कोणीतरी उलटा कोट घालून पाद्री होतो, मागून बायका खोटं रडत आणि खरं हसत चालतात, आणि मिरवणूक चर्चच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जाते. टाकीपाशी पेटी खाली ठेवायची, हरलेल्यांनी पोटभर शिव्या द्यायच्या, मग सगळ्यांनी मिळून बकऱ्याचं सूप प्यायचं. तिथे निवडणूक संपते. दुसऱ्या दिवसापासून जो तो आपल्या बटाट्याच्या वाफ्यात.

आणि पेटी, जिंको कोणी, हरो कोणी, करायची मास थिओनेच. डोंगराच्या या अंगाला शवपेटी करणारा दुसरा माणूस नाही. तो स्वतः किल्ली पक्षाच्या तिर्झा गटाचा अध्यक्ष, आणि आमच्याकडे किल्लीच जास्त वेळा हरते, म्हणजे बहुतेक वेळा स्वतःच्याच पक्षाची पेटी त्याला रंधावी लागते. तो ती कंटाळा न करता रंधतो. बिशपसाठी करावी तशी कोपरे घासून करतो. एकच नियम त्याने बापाकडून घेतलेला. खोट्या पेटीवर रंग चालेल, नाव चालणार नाही. "पक्ष पुरला तर दुसऱ्या वर्षी उगवतो," तो म्हणतो. "माणसाचं नाव पेटीवर लावायचं ते डॉक्टर येऊन गेल्यावर."

थिओफिलस त्याचं पुरतं नाव; 'मास' आम्ही वयाच्या मानाने लावतो. तरुणपणी काही हंगाम फ्लोरिडाला ऊस तोडायला गेला होता. तिथून बाकीच्यांनी रेडिओ आणले, याने करवती आणल्या. मिस ऊनाशी लग्न केलं, मूल झालं नाही. बहीण इंग्लंडला गेली तेव्हा तिची लहानगी आर्डिथ यांच्याकडे राहिली. बहीण दर ख्रिसमसला कपड्यांनी भरलेलं पिंप पाठवायची, स्वतः मात्र कधी आली नाही. शाळेला जाताना पोरीची वेणी घालायला मिस ऊना, आणि वेणी सुटली की परत घालायला मास थिओ, तेही सुताराच्या हाताने, इतकी घट्ट की पोरीचे डोळे ताणले जायचे. मिस ऊना गेली तेव्हा त्याने तिची पेटी केली, आणि त्या आठवड्यात छपरीतून गाण्याचा आवाज आला नाही. एरवी रंधा आणि भजन त्याचं बरोबरच चालतं.

त्याच्या गळ्यात दोरीला एक मोठी लोखंडी किल्ली असते. सभेत किल्लीवाले आपापल्या चाव्या खुळखुळवतात, त्यात त्याची सगळ्यांत मोठी. गटाच्या जुन्या खोलीची आहे ती. त्या खोलीत आता दुकानदार बकऱ्या बांधतो आणि कुलूपही कधीच बदललेलं आहे, पण किल्ली काही गळ्यातून निघालेली नाही.

या खेपेला किल्लीकडून उभी होती आर्डिथच. आमच्या प्राथमिक शाळेत शिकवते, बोलायला धारदार, मनाने मऊ. पोस्टरवरचा तिचा फोटो मास थिओने छपरीच्या आत लावला होता, बाहेर नाही. "बाहेर ऊन लागून फिका पडेल," म्हणाला. ती पडली. अगदी थोडक्यात, पण पडली. आणि रेडिओवर सकाळपासून तेच चाललं होतं. बेटभर किल्लीची पीछेहाट, पक्षाचे नेते डॉक्टर लिंडो राजीनामा देणार की नाही, सोमवारी मँडव्हिलला प्रतिनिधींची सभा, कोण कोणाच्या बाजूने.

रूपर्ट शीळ घालत गेला आणि पाठोपाठ आर्डिथ आली. मी शेंगा तशाच ओटीत धरून बसले होते. कुंपणाला कान नसतात, पण कुंपणाशेजारी बसलेल्या बाईला असतात.

"मामा, मला एक पेटी हवी आहे."

"रांगेत थांब, पोरी. रूपर्ट आत्ताच सांगून गेला."

"ती नाही. वेगळी. सोमवारी मँडव्हिलला न्यायची आहे, सभेच्या दारात ठेवायला. आणि तिच्यावर नावाची पट्टी पाहिजे. डॉक्टर वेंटवर्थ लिंडो."

मास थिओने हातातला रंधा फळीवर ठेवला. "डॉक्टर आजारी आहेत का?"

"मामा, थट्टा नको. तीन निवडणुका हरलाय तो माणूस. प्रचाराला तिर्झात एकदा तरी आला? मी उन्हातान्हात फिरले, आणि हा तिकडे राजधानीत, किंग्स्टनमध्ये बसून आकडे सांगतो. तो गेल्याशिवाय पक्ष उठणार नाही."

"मग मत दे त्याच्या विरुद्ध. तुला प्रतिनिधीचं मत आहे."

"मत बंद पेटीत जातं. ही पेटी सगळे बघतील. टीव्हीवाले येणार आहेत."

"जिवंत माणसाचं नाव मी पेटीवर लावत नाही. तुला ठाऊक आहे."

"मग ठीक आहे," आर्डिथ म्हणाली. आवाज अगदी शाळेतला झाला. "तुम्हाला तुमचा नियम मोठा. मी गटात राहणार नाही. आणि पुढच्या वेळी या घरातून मला कोणी आशीर्वाद देऊ नये."

मला वाटलं तो आता तिला ओरडेल. तो म्हणाला, "देवदार एकाच पेटीपुरता आहे. शनिवारी दुपारी ये. पट्टी लावून ठेवतो."

मी त्या दिवशी शेंगा कशा सोलल्या ते मलाच कळलं नाही. टरफलं भांड्यात आणि दाणे कोंबड्यांपुढे. पोरीसाठी हा माणूस बापाचा शब्द मोडणार, चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडिलांपैकी एक असून जित्या माणसाच्या नावाची पेटी करणार. आणि नाही केली तर पोर जाणार, जिच्यावाचून त्याला घरात दुसरं कोणी नाही. मी गुडघ्यावर बसले आणि देवाला म्हटलं, यातून काही वाट काढ, मला तर दिसत नाही.

छपरीतून रंध्याचा आवाज येत होता, गाण्याचा नाही.

शुक्रवारी मी नारळाच्या दुधातला तूर घातलेला भात आणि खारवलेल्या माशाचा तुकडा घेऊन गेले. पेटी उभी राहिली होती, निळी, ओली. पितळेची पट्टी पालथी ठेवलेली.

"मास थिओ, ती पट्टी खोदलीत?"

"खोदली."

"देवाला काय सांगाल?"

"त्याला सांगितलंय." त्याने ताट मांडीवर घेतलं, दोन घास खाल्ले. "व्हर्लिन, वरच्या वाडीतली माणसं मतदानाला का उतरली नाहीत, ठाऊक आहे?"

"रूपर्ट म्हणतो, नळाला पाणी नाही म्हणून रागावलेत."

"आर्डिथ म्हणाली होती, मामा, आपण वरच्या वाडीत जाऊ, घरोघर. मी म्हटलं, तिकडे कशाला पाय झिजवायचे? ती घरं माझ्या बापाच्या वेळेपासून किल्लीची आहेत." त्याने माशाचा काटा ताटाच्या कडेला लावला. "डॉक्टर लिंडो तिर्झात आले नाहीत हे खरं. पण वरची वाडी तर माझ्या दारातून दिसते."

अशा वेळी बायबलमधलं वचन सांगायची मला सवय आहे, पण त्या दिवशी गप्प बसायचं सुचलं.

शनिवारी दुपारी दोघंही एकाच वेळी आले. रूपर्ट आणि त्याचे चार खांदेकरी, एकाने आधीच उलटा कोट घातलेला. दुसरीकडून आर्डिथ, शाळेच्या गाडीवाल्याला घेऊन. फाटकाबाहेर सुपाचा हंडा चुलीवर चढलेला होता.

"पेटी एकच आहे," मास थिओ म्हणाला. "कोणी न्यायची ते तुम्ही ठरवा."

"आधी आम्ही सांगितली," रूपर्ट म्हणाला. "आणि मास्तरीणबाई, तुमचाच पक्ष तुम्हीच पुरणार म्हटल्यावर आम्ही जिंकलेल्यांनी करायचं काय?"

"तुम्ही रस्ते दुरुस्त करा," आर्डिथ म्हणाली. "तेवढं तरी."

मास थिओने पेटीवरची चादर काढली. पट्टी झाकणावर बसवलेली होती, चार स्क्रूंनी, सरळ. रूपर्ट चष्मा नसल्यामुळे वाकला आणि मोठ्याने वाचू लागला. "थिओफिलस मॅकनील. अध्यक्ष, तिर्झा..." पुढचं त्याने वाचलं नाही. त्याच्या हाताने आपणहून डोक्यावरची लाल टोपी काढली. मागच्याने उलटा कोट उतरवला आणि काखेत धरला.

"हे काय आहे, मामा?" आर्डिथ म्हणाली.

"तुला ज्याच्यामुळे हरलो त्याचं नाव हवं होतं ना? डॉक्टरांचं काय ते बेटाचं बेट बघेल. तिर्झात ज्याच्यामुळे हरलो त्याचं नाव मला ठाऊक होतं. वरच्या वाडीत तुला जाऊ दिलं नाही तो मी." त्याने पट्टीवरचा भुसा अंगठ्याने पुसला. "त्या दिवशी आलीस तेव्हा तू मला एका शब्दाने बोल लावला नाहीस. सगळं त्या माणसावर घातलंस. मी अध्यक्षपद सोडलंय. आता पेटी मँडव्हिलला ने, नाही तर रूपर्टला दे. दोघांनाही चालण्यासारखी आहे."

"मी ही खांद्यावर घेऊ?" आर्डिथचा आवाज फुटला. "तुमचं नाव असलेली?"

"मला तर माझी बायको घरात घेणार नाही," रूपर्ट म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं.

"उद्या रविवार आहे," मी म्हटलं. "ती पट्टी आज सूर्य मावळायच्या आत निघाली पाहिजे. मास थिओ, तुम्ही चर्चचे वडील आहात. माझी तुम्हाला विनंती नाही, मी सांगतेय."

"मी लावली ती मी काढणार नाही," तो म्हणाला. हट्टी माणूस आहे.

मग रूपर्टनेच भिंतीवरचा स्क्रूड्रायव्हर घेतला. एकेक स्क्रू काढून खिशात टाकत गेला. चौथा घट्ट होता. "बापाने शिकवलं तसं बसवता तुम्ही, हात मोडेल माणसाचा," तो पुटपुटला. पट्टी निघाली ती त्याने आर्डिथच्या हातात दिली. ती पट्टी छातीशी धरून रडली, शाळेतल्या पोरीसारखी, नाक पुसायलाही विसरून.

या वर्षी तिर्झात अंत्ययात्रा निघाली नाही. पण सूप झालं होतं, ते काय टाकून द्यायचं? पेटी रस्त्यात आणली, झाकण लावलं, आणि सगळ्या वाट्या तिच्यावरच मांडल्या. कोंबडावाले एका बाजूला, किल्लीवाले दुसऱ्या. रूपर्टने मास थिओला हाड असलेला तुकडा वाढला.

"रंग पूर्ण वाळला नाही रे," मास थिओ म्हणाला. "वाट्यांचे गोल उमटतील."

"उमटू देत. खरं मयत आल्यावर कोणाला दिसणार आहे?"

"खरं मयत हिच्यात नाही जायचं. गायकमंडळाचे झगे उंदीर खातात, त्यांना पेटी होईल. नुसत्या बिजागऱ्या लावायच्या. शवपेटीला बिजागरी नसते, ती उघडायची नसते ना."

आर्डिथ वाटी खाली ठेवून म्हणाली, "मी सोमवारी डॉक्टरच्या विरुद्धच मत देणार आहे, मामा. ते बदललेलं नाही."

"दे की. मी कुठे नको म्हटलं?"

"पण आधी वरच्या वाडीत जाऊन येणार आहे. आज."

"चढ आहे, पाणी घेऊन जा."

ती उठली, आणि हात पुढे केला. "किल्ली द्या."

"ती काही उघडत नाही, पोरी. आत बकऱ्या आहेत."

"माहीत आहे."

त्याने दोरी मानेवरून काढायला वेळ लावला. इतक्या वर्षांत दोरीने तिथे पांढरट वळ उमटवला आहे, तो मी पहिल्यांदा पाहिला.

आज रविवार. उपासनेनंतर दुपारी तो छपरीत गेला, काम केलं नाही, रविवारी तो हत्याराला हात लावत नाही. नुसता स्टुलावर बसला होता. पण गात होता. आर्डिथ वरच्या वाडीतून काल अंधार पडायच्या आत आली, शिव्या खाऊन आणि एक भोपळा घेऊन. भोपळ्याचा अर्धा भाग माझ्याकडे आला आहे.

उद्या ती सभेला जाणार, त्याच गाडीतून मास थिओही. अध्यक्षपद सोडल्यामुळे तो आता प्रतिनिधी नाही, आत जाणार नाही. तो मँडव्हिलच्या बाजारात जाऊन पेटीसाठी पितळी बिजागऱ्या आणणार आहे.